आबांच्या गाडीचा डायनामो आणि डावा कौल

आबा परबांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, मी गोणपाट पसरलं, त्यावर पाने मांडले, पिशवीतून डायनामो काढला, त्याची पुली गाडीच्या पट्ट्यासमोर धरली आणि तसाच तो पुन्हा पिशवीत ठेवला. पट्ट्याला खाचा सहा होत्या. पुलीला चार. सत्तावीस वर्षं गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं करणाऱ्या माणसाने निघताना खाचा मोजल्या नव्हत्या. मालवणहून तेवीस किलोमीटर मी तो डायनामो स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवून, तान्ह्या पोराला न्यावं तसा आणला होता. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला त्याला धक्का लागू नये म्हणून पाय आवळत होतो. धक्का लागला असता तरी काही बिघडलं नसतं, कारण तो तसाही परतच जायचा होता.

आबा ओट्यावर बसून पान लावत होते. सत्तरीचा माणूस, भातशेती आणि काजूची बाग सांभाळून असलेला.

“काय झाला, मेस्त्री?”

“काय नाय, आबा. दुसरो आणूक व्हयो.”

“ह्यो चलाचो नाय?”

“ह्यो दुसऱ्या गाडयेचो आसा.”

आबांनी पानाला चुना लावला, घडी घातली. “मगे ती गाडीच घेवन येवचा होता,” ते म्हणाले आणि पान तोंडात टाकलं.

हसायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मीच थोडा हसलो. ही चूक आधी सांगून टाकली, कारण ती लहान आहे आणि ती सांगायला मला काही वाटत नाही. दुसरी सांगायला वाटतं. म्हणून तिच्याकडे जरा वळसा घालून जातो.

आमच्या भागात अल्टरनेटरला अल्टरनेटर कोणी म्हणत नाही. डायनामो म्हणतात. खरा डायनामो जुन्या गाड्यांत असायचा, तो जाऊन जमाना झाला, पण नाव राहिलं. सासू वारली तरी घराला तिच्याच नावाने ओळखतात, तसं. ज्यांनी बॉनेट फक्त दसऱ्याला हार घालण्यापुरतं उघडलं आहे, त्यांच्यासाठी सांगतो. बॅटरी म्हणजे कणगी. तिच्यात भात साठवलेलं असतं, ती पिकवत नाही. डायनामो म्हणजे शेत. इंजिन पट्टा फिरवतं, पट्टा डायनामो फिरवतो, त्यातून वीज निघते. त्या विजेवर गाडीचे दिवे, हॉर्न, पंखा चालतो आणि उरलेली वीज कणगीत जाते. शेत पडीक पडलं तरी काही दिवस कणगीवर निघतात. म्हणूनच डायनामो गेलेली गाडी तिथल्या तिथे थांबत नाही. ती मालकाला आशा दाखवत दहा-वीस किलोमीटर नेते आणि जिथे सावली नाही, दुकान नाही आणि मोबाइलला रेंज नाही, तिथे थांबते.

शेत पडीक पडल्याची खूण गाडी देते. स्टिअरिंगसमोरच्या काट्यांच्या पाटीवर बॅटरीचं छोटं लाल चित्र पेटतं. आमच्याकडचे एक गुरुजी ते चित्र दीड महिना पेटलेलं बघत होते. बॅटरी भरली म्हणून गाडी तसं कळवते, अशी त्यांची समजूत. मी त्यांना विचारलं, “गुरुजी, भरल्याचं कळवायला लाल दिवा कशाला लावतील?” तेव्हा ते माझ्याशी ठेवणीतलं मराठी बोलले. “आनंदाच्या प्रसंगी लाल रंगच वापरतात.” मी बॉनेट उघडलं.

किनाऱ्यावर माझा धंदा खाऱ्या हवेने चालवला. जो नट घाटावर दहा वर्षं चकचकीत राहतो, तो आमच्याकडे दोन वर्षांत पान्याला ओळख देत नाही. मासळीच्या टेम्पोखाली बर्फाचं पाणी गळत राहतं, त्यांचे डायनामो उघडले की आधी वास येतो आणि मग दोष दिसतो. रेडी बंदराला खनिज वाहणारे ट्रक यायचे, त्यांच्या डायनामोत लोखंडाची तांबडी पूड भरलेली असायची. आतलं लोहचुंबक तिला धरून ठेवतं. फुंकून जात नाही, धुऊन जात नाही. पुण्याची एक मंडळी फोटो काढायला गाडी थेट वाळूत घेऊन गेली आणि फोटो होईतो भरती आली. डायनामोतून मी मूठभर वाळू आणि खेकड्याच्या जातीतली एक जिवंत कुर्ली काढली. त्यांनी कुर्लीचाही फोटो काढला.

अशा गोष्टी मी घरी जेवताना सांगतो. आमच्या घरात टीव्हीपेक्षा माझ्या गिऱ्हाइकांवर जास्त जेवणं झाली आहेत. गोष्टीत मी नेहमी थोडा बावळट असतो, त्यामुळे ती रंगते आणि मुलगी एक पोळी जास्त खाते. हा माझा जोडधंदाच म्हणा.

आता दुसऱ्या चुकीकडे येतो.

मी हे काम शिकलो ते कुडाळला, एका उस्तादाच्या टपरीत. पहिल्याच आठवड्यात त्याने मला डायनामोची परीक्षा शिकवली. इंजिन चालू ठेवायचं, बॅटरीची एक वायर काढायची. गाडी चालू राहिली तर डायनामो चांगला, बंद पडली तर गेला. कणगीचं दार लावून घ्यायचं आणि नुसत्या शेतावर घर चालतं का ते बघायचं. मीटर नको, दिवा नको. गिऱ्हाईक आ वासून बघतं. जुन्या गाड्यांना ही परीक्षा चालून जायची.

नव्या गाड्यांना ती चालत नाही. चालू इंजिनात बॅटरी सुटली की डायनामोतून निघालेल्या विजेला जायला जागा राहत नाही, ती उसळते आणि समोर येईल ते जाळते. कधी डायनामोच जळतो, कधी गाडीचा कॉम्प्युटर. हे मला माहीत होतं. पंधरा वर्षं माहीत होतं. दुकानात आलेल्या गाडीला मी मीटरच लावतो. पण कोणाच्या घरी गेलो, चार माणसं बघायला जमली आणि मीटर पिशवीच्या तळाला असला, की उस्तादाचा हात माझ्या हातात येतो.

आबांच्या गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. मुंबईला असलेल्या मुलाने स्वतःसाठी दुसरी गाडी घेतली आणि ही पेट्रोलची छोटी पांढरी गाडी गावी आणून ठेवली, ती आईसाठी. काकींची किडनी कामातून गेली आहे. सोमवारी आणि गुरुवारी त्यांना डायलिसिसला कुडाळला न्यावं लागतं. आबा साठी उलटल्यावर गाडी शिकले आणि बैलजोडी हाकावी तशी, तिच्याशी बोलत हाकतात. गावात रिक्षा आहे. पण डायलिसिस झालं की काकींना बसवत नाही, मागच्या सीटवर आडवं व्हावं लागतं. एकदा गाडी नव्हती म्हणून रिक्षाने आणलं, तर वाटेत त्यांचं प्रेशर उतरलं, डोळे फिरले. रिक्षावाला इतका घाबरला की तो पुढच्या खेपेला यायलाच तयार होईना. तेव्हा त्या घरात गाडी ही चैन नव्हती.

त्या सोमवारी कुडाळहून परतताना गाडी वाटेत बंद पडली. काकी मागे आडव्या. एका टेम्पोवाल्याने ढकलून सुरू करून दिली, कशीबशी घरी आली. मंगळवारी सकाळी आबांचा फोन आला आणि मी गेलो.

बॅटरी उतरलेली होती. माझ्या जोडबॅटरीने गाडी सुरू करून दिली. आबा, शेजारचे दोघे आणि रस्त्याने चाललेला एक पोस्टमन उभे होते. मीटर पिशवीच्या तळाला होता. मी म्हटलं, “आता बघा हां,” आणि जोडबॅटरी सोडवून मग गाडीच्या बॅटरीची वायर उचलली.

गाडी चालू राहिली. चार सेकंद. समोरच्या भिंतीवर हेडलाइटचा उजेड पिवळा होता तो एकदम पांढरा झाला, इंजिन जरा जोरात फिरलं आणि मग सगळं बंद.

“गेलो,” मी म्हटलं. “डायनामो गेलो.”

पोस्टमनने मान हलवली. त्याला पटलं. सगळ्यांनाच पटलं, कारण गाडी बंद पडलेली सगळ्यांनी पाहिली होती. ते चार सेकंद फक्त मी मोजले होते. ज्याचं शेत पडीक आहे त्याची गाडी कणगीचं दार लावल्यावर चार सेकंद चालत नाही. तो उजेड पांढरा होत नाही. डायनामो चांगला होता. मी वायर उचलेपर्यंत चांगला होता.

मी स्वतःशी म्हटलं, तो तसाही जुना होता. उद्या-परवा गेलाच असता. माणूस स्वतःला किती पटकन गिऱ्हाईक बनवतो, ते त्या दिवशी पाहिलं. नशिबाने गाडीचा कॉम्प्युटर वाचला होता. आबांना सांगितलं, उद्या नवीन बसवतो, गुरुवारची काळजी करू नका.

बुधवारी सकाळी जो घेऊन गेलो, तो चार खाचांचा. ते सुरुवातीला सांगितलंच. खाचा का मोजल्या नाहीत, तर आदल्या रात्री मी पुलीकडे बघत नव्हतो, मी त्या चार सेकंदांकडे बघत होतो.

दुकानात परतल्यावर फोनाफोनी सुरू केली. मालवणात नाही, कुडाळात नाही. तळेऱ्याच्या तिठ्यावर माझ्या ओळखीचा एक सुट्या भागांचा दुकानदार आहे, त्याच्याकडे सापडला. त्याला तीनदा खाचा मोजायला लावल्या. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “सहाच आसत रे, दर खेपेक वाढाचे नाय.” त्याने डायनामो पोत्यात बांधून एसटीच्या ड्रायव्हरकडे दिला, मी कसालला जाऊन उतरवून घेतला आणि दुपारी अडीचच्या सुमारास पुन्हा आबांच्या खळ्यात हजर झालो. अंधार पडायला चार तास होते. काम सव्वा तासाचं.

मी गोणपाट पसरायला लागलो तर आबा म्हणाले, “पसरू नको, मेस्त्री.”

“कित्याक?”

“कौल डावो लागलो.”

बाहेरच्या वाचकांसाठी हेही सांगतो. आमच्याकडे गावाच्या देवाला विचारल्याशिवाय मोठं काम करत नाहीत. गुरव देवासमोर गाऱ्हाणं घालतो, म्हणजे प्रश्न नीट बोलून दाखवतो, आणि मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्न, विहीर, घर, कोर्टाची केस, सगळं यावर. आबांनी गाडी ठेवून घेतली तीही कौल लावून. सकाळी मी चुकीच्या खाचांचा डायनामो घेऊन परत गेलो, ते आबांना काही बरं लक्षण वाटलं नाही. ते थेट देवळात गेले आणि विचारलं, गाडीचा डायनामो बदलावा का? देव नाही म्हणाला.

“आबा, उद्या गुरुवार आसा,” मी म्हटलं.

“माका म्हायत आसा.”

“डायनामो जळलो आसा. तो बदलल्याशिवाय गाडी चलाची नाय.”

“देव नाय म्हणता.”

“देवाक डायनामोतला काय कळता?”

हे बोलायला नको होतं. आबा चिडले नाहीत. पण मी उगीचच पिशवीचा बंद सारखा केला.

मी हिशेब मांडला. एक मार्ग होता. बॅटरी घरी नेऊन रात्रभर चार्जिंगला लावायची आणि सकाळी कणगीवरच त्यांना पाठवायचं. पंखा लावू नका, हॉर्न वाजवू नका. जाताना पोचतील. येताना? येताना काकी मागच्या सीटवर आडव्या असतील आणि गाडी सोमवारसारखी कुठेतरी उभी राहील. दुसरा मार्ग, पिशवी उचलायची आणि घरी जायचं. देवच नाही म्हणाला, मी काय करणार? कोणी मला बोल लावला नसता. उलट गावाने सांगितलं असतं की मेस्त्री दोनदा आला बिचारा. हा मार्ग मला चांगला दोन-तीन मिनिटं पसंत होता.

मग मी म्हटलं, “आबा, परत कौल लावया.”

बाळा गुरव देवळामागच्या मळ्यात गवत कापत होता. त्याला बोलावलं. तो हातपाय धुऊन, कोयता उंबऱ्याबाहेर ठेवून आला. मंगळवारचे दोन शेजारी आमच्या मागून आले. बाळा वयाने माझ्याएवढाच, पण देवासमोर उभा राहिला की त्याचा आवाज म्हातारा होतो.

“तोच प्रश्न परत इचारूचो नाय, मेस्त्री,” तो म्हणाला. “तेका राग येता. देव नाय म्हणता. तुमी होय म्हणतास. देवापेक्षा तुमका जास्त काय म्हायत आसा ता सांगा, म्हणजे मी तेका सांगतंय.”

तो टोमणा मारत नव्हता. त्याचं ते कामच होतं, प्रश्न नीट करून घेणं. मी गिऱ्हाइकाला विचारतो ना, गाडी कधी बंद पडली, त्याआधी काय झालं, कोणी हात लावला का? तसंच. फक्त हे मी मंगळवारी विचारलं नव्हतं, आणि तो विचारत होता.

मी सांगितलं. जमिनीकडे बघून सांगितलं. की डायनामो सोमवारी चांगला होता. की मी चालू गाडीची वायर काढली, ती काढायची नसते, ते मला माहीत होतं, आणि त्यामुळे तो जळला. दोष कुठे दुसरीकडेच असणार, तो मी शोधलाच नाही. पण आता डायनामो खरोखर जळला आहे आणि तो बदलल्याशिवाय काकी उद्या कुडाळला जाऊन परत येऊ शकत नाहीत.

आबा म्हणाले, “तुका कालच म्हायत होता?”

“होय.”

“म्हणान तू माझ्याकडे बघी नाय होतस.”

एवढंच बोलले. बाळाने मान डोलावली, जसं मी मीटरचा आकडा बघून डोलावतो तसं. मग पाकळ्या भिजवल्या, लावल्या आणि हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, तुझ्या चरणाकडे आबा परब उभो आसा म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” सगळे म्हणाले. असा जबाब द्यायचा असतो.

“तेच्या घरातल्या लक्ष्मीक आठवड्याक दोन खेपा कुडाळाक न्हेवचा लागता म्हाराजा.”

“होय म्हाराजा.”

“ह्या मालवणच्या मेस्त्रीन चलत्या गाडयेची वायर काढल्यान, बरो असलेलो डायनामो जाळल्यान, आणि कोणाक सांगल्यान नाय म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” सगळे म्हणाले. मीही म्हणालो. सवयीने तोंडातून गेलं, पण सगळ्यांत मोठा आवाज माझाच झाला.

“सकाळी तुका इचारला तेवा ह्या तुझ्या कानार घातला नाय होता म्हाराजा. लेकरांचा चुकला-माकला पदरात घे, आणि आता तो बदलूचो काय नाय, ता सांग म्हाराजा.”

बराच वेळ काही झालं नाही. एक शेजारी खोकला. मी घड्याळाकडे बघायचं टाळलं. मग उजवीकडची पाकळी सुटली. मी देवाबद्दल काही म्हणत नाही. ओली पाकळी सुकली की सुटते, दाराकडून वारा होता. मीटरच्या माणसाने एवढंच सांगावं की सकाळच्या प्रश्नाला डावं उत्तर आलं होतं आणि तो प्रश्न अर्धा होता.

परतल्यावर मात्र मी काम असं केलं की उस्तादाने पाठ थोपटली असती किंवा कानफटात मारली असती, दोन्ही कारणं होती. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, इंजिन बंद असताना. घरच्या घरी हे काम करायची कोणाला हौस असेल तर या ओळीखाली रेघ मारून ठेवा. मग पट्ट्याचा ताण सैल केला, पट्टा उतरवला. डायनामोच्या मागचा चिमटा आणि जाड वायरीचा नट काढला. खालचा लांब बोल्ट गंजून धरलेला होता, त्याला तेल पाजून अर्धा तास गेला. जुना खालून काढला, नवा वर चढवला, पट्टा घातला. पट्टा अंगठ्याने दाबला तर बोटाच्या पेराच्या अर्ध्याने दबला पाहिजे, जास्त नाही. घट्ट केला तर बेअरिंग ओरडतं, सैल सोडला तर पट्टा.

आणि मग, जोडण्याआधी, मी मंगळवारी करायला हवं होतं ते केलं. बॅटरीची निगेटिव्ह वायर गाडीच्या सांगाड्याला जिथे बोल्टने धरते, तिथपर्यंत हात नेला. बोल्टखाली गंज आणि हिरवी बुरशी. वीज तयार होत होती, पण कणगीत उतरत नव्हती; वाटेत इंजिन एकदा थांबलं, की पुन्हा सुरू करायला कणगी रिकामी. हा होता सोमवारचा दोष. पॉलिश पेपरने घासून, पुन्हा आवळून, वर ग्रीस लावायला मला पाच मिनिटं लागली. नवा डायनामो न आणता, कौल न लावता, मंगळवारी सकाळी पोस्टमन पुढच्या घरी पोचायच्या आत ते झालं असतं.

गाडी सुरू केली. मीटर लावला, पिशवीच्या तळातून काढून. चौदा व्होल्ट. हेडलाइट लावून, पंखा लावूनही हलला नाही. डायनामो माझ्याकडून, हे वेगळं सांगायला नको.

तेवढ्यात काकी चहा घेऊन बाहेर आल्या. डाव्या हाताला पट्टी, उजव्या हातात कप. त्या देवळात आल्या नव्हत्या, त्यांना तेवढं चालवत नाही. ओट्याच्या खांबाला धरून त्यांनी जुन्या डायनामोकडे बघितलं.

“काय झाला होता रे तेका?”

“जुनो झालो होतो, काकी.”

“आमी पण जुनी झालाव. आमचा बदलूक खंय गावता,” त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. मग हसू गेलं. “वाटेत रवाची नाय मां ती? सोमवारी मी मागे पडान होतंय आणि हे रस्त्यार माणसा बघित होते. माका वाटला, हयच संपतला.”

“नाय, काकी. आता काय भिया नाय.”

आबा शेजारीच उभे होते. मी चहा प्यायलो, कप धुऊन पालथा घातला आणि उजेड असतानाच घरी निघालो.

गुरुवारी दिवसभर मी दुकानात फोन वरच्या खिशात ठेवला होता. चारच्या सुमारास आबांचा फोन आला. “इलाव घराक,” म्हणाले, म्हणजे घरी पोचलो, आणि ठेवला. मग मासळी बाजारातून बांगडे घेऊन घरी गेलो.

जेवताना मी सगळी गोष्ट सांगितली. चार खाचांपासून. आबांचं ‘ती गाडीच घेवन येवचा होता’ केलं, तळेऱ्याचा दुकानदार केला, बाळा गुरवाचा म्हातारा आवाज केला. गाऱ्हाण्यात माझी चूक आली आणि मीच सगळ्यांत जोरात ‘होय म्हाराजा’ म्हटलं, तिथे मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला आणि पाणी द्यावं लागलं. गोष्ट चांगली जमली होती. मला ती जमल्याचं बरं वाटत होतं.

माझी बायको सुलभा हसली नाही. ती तव्यावरचा बांगडा उलटत होती. तिने तो उलटला, गॅस बारीक केला.

“काकी खंय होती तेवा?” तिने विचारलं.

“देवळात? ती घराकडे. तिका चलूक होना नाय.”

“मगे तिका सांगलात?”

मी म्हटलं, देवासमोर सांगितलं, आबांना सांगितलं, चार माणसांसमोर सांगितलं, आणखी काय सांगायचं? काकींनी विचारलं तेव्हा मी काय म्हणालो, तेही मग सांगावं लागलं. त्यावर कोणी हसलं नाही.

सुलभाने बांगडा माझ्या ताटात वाढला.

“सोमवारी गाडयेत पडान ती भियाली होती. आबा नाय, देव नाय,” ती म्हणाली. “उद्या जावा आणि तिका सांगा. आणि गाडी बघूचा निमित करून जाव नका.”